गुलाबरावांची डबल बेल

गुलाबरावांवर काहीतरी लिहा, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मी दर वेळी काही ना काही कारण काढलं. कधी मोतीबिंदू, कधी नातीची परीक्षा, कधी नुसतंच "बघू". खरं कारण एवढंच, की गुलाबरावांबद्दल लिहायचं तर एक गोष्ट गाळून चालत नाही, आणि मला नेमकी तीच गाळायची होती. असे काही महिने गेले. आता टाळायला मला फारसा वेळ उरलेला नाही, म्हणून सगळं लिहितो. फक्त त्या गोष्टीपासून सुरुवात करणार नाही. गुलाबराव हा आधी हसवणारा माणूस होता, आणि तेवढा तरी न्याय त्यांना माझ्या हातून मिळावा.

तर, गुलाबराव डबल बेल मिळाल्याशिवाय सायकल हलवत नसत.

एसटीतून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना हे सांगायला नको. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की सोडायची. गुलाबरावांची सगळी नोकरी ड्रायव्हरच्या सीटवर गेली, त्यातली बरीचशी माळशेज घाटात. निवृत्त झाल्यावर स्टिअरिंग सुटलं, खाकी सुटली, बेल मात्र सुटली नाही. डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल घेतली, तरी मागून "टिंग टिंग" झाल्याशिवाय त्यांचा पाय पॅडल दाबायला तयार नसे.

बरं, चार माणसं सोबत असतील तेव्हा ठीक. एकटे असले तरी तेच. वारूळवाडीतल्या टपरीवर चहा पिऊन झाला की ते एक पाय जमिनीवर टेकवून थांबत. टपरीवाला मान वर न करता चमचा ग्लासावर दोनदा वाजवी, की हे निघाले. एकदा कालव्याच्या कडेने एकटेच चालले होते. पाणी प्यायला उतरले. आसपास चिटपाखरू नाही, लांब एक बाई धुणं धूत होती. तिला म्हणाले, "ताई, तेवढी गोधडी दोनदा आपटा की." बाईने घाबरून आपटली. "चला!" म्हणून गुलाबराव निघाले. पुढच्या रविवारी आम्ही सगळे त्याच वाटेने गेलो, तेव्हा ती बाई तिथंच होती. आम्हाला बघताच तिने आपण होऊन दोनदा आपटली. गुलाबरावांनी हात वर करून तिला सलाम केला आणि मला म्हणाले, "बघा सर, ट्रेनिंग दिलं का मानूस तयार व्हतो."

मी त्यांच्यापेक्षा वयाने थोडा मोठाच. आयुष्यभर हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. टाळेबंदी उठल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल चालवायला सांगितलं, आणि माझा एक जुना विद्यार्थी शैलेश, त्याचं नारायणगावात मेडिकल स्टोअर आहे, मला त्याच्या रविवारच्या टोळीत घेऊन गेला. तिथं गुलाबराव भेटले. पहिल्या दिवशी त्यांनी मला "जय भीम, सर" म्हटलं, मी त्यांना "रामराम" म्हटलं, आणि मग ते कधी बदललंच नाही. लोक आमच्याकडे बघायचे. आम्हाला वाटायचं, प्रत्येकाने समोरच्याच्या घरचा नमस्कार करायचा, यात बघण्यासारखं काय आहे?

त्यांची सायकल म्हणजे एक प्रकरण होतं. पुण्याच्या कुणा मुलाने वापरून टाकलेली, पुढे शॉकअप, मागे काही नाही, आणि वजनाला अशी की उचलून बांध ओलांडायचा तर दोघं लागत. तिच्या हँडलला त्यांनी एक छोटी लाकडी पाटी बांधली होती. दर रविवारी खडूने तिच्यावर मार्ग लिहायचे. "पिंपरी पेंढार, व्हाया आळे." एकदा पाटीवर लिहिलेलं एक आणि आम्ही निघालो भलतीकडेच. तर हे पुलावर थांबले, पाटी पुसली, नवं लिहिलं, आणि मगच पुढे. शैलेश वैतागला. "नाना, वाचणार कोण आहे?"

"कुनी न्हाई वाचलं तरी बोर्ड खोटा नसावा, शेठ. म्हातारी बाई चुकीच्या गाडीत बसती."

"तुमच्या सायकलीत म्हातारी बसणार आहे?"

"बसायची बसली तर?"

शैलेशची सायकल याच्या अगदी उलटी. कार्बनची फ्रेम, पुढे मागे शॉक, हेल्मेटवर कॅमेरा, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडाशी. गुलाबराव त्या नळीला सलाईन म्हणत. "शेठ, पेशंट कसाय आज?" ही त्यांची रविवारची पहिली चौकशी. शैलेशने हँडलवरचं बटण दाबल्यावर सीट खाली जाते आणि पुन्हा दाबल्यावर वर येते, असा नवा दांडा आणला, तेव्हा आम्ही सगळे कौतुकाने भोवती जमलो. गुलाबरावांनी ती खाली-वर होणारी सीट बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "आमच्या यष्टीतबी शीट खाली जायची. पन मोडल्यावर."

याचा अर्थ त्यांचंच नेहमी बरोबर असे, असं मुळीच नाही. टायरमधली हवा ते अंगठ्याने दाबून ठरवायचे. शैलेश छोटं मीटर लावून बघायचा. डोंगरात टायर थोडा मऊ हवा, म्हणजे तो दगडाला धरून चालतो, असं शैलेशचं म्हणणं. गुलाबरावांचा अंगठा बसच्या टायरवर तयार झालेला. ते हवा अशी ठासून भरत की नारायणगडाच्या पायथ्याच्या खडकाळ वाटेवर सायकल बेडकासारखी उड्या मारी आणि हे वर टुणूक टुणूक. शेवटी एकदा बोरीच्या झुडपात उतरले. अंगातले काटे काढताना शैलेशने त्यांच्या टायरला मीटर लावून दाखवलं. गुलाबरावांनी आकडा बघितला, अंगठा बघितला आणि म्हणाले, "आज थंडी हाय, त्याला जानवलं नसंल." पण पुढच्या रविवारपासून गपचूप हवा कमी झाली. विचारलं तर म्हणत, "अंगठ्याची बदली केली."

शैलेशच्या सामानातल्या एकाच गोष्टीचा त्यांना मनापासून हेवा वाटे, ती म्हणजे तेलाचा डिस्क ब्रेक. एवढ्याशा चकतीवर अख्खा माणूस उतारावर थांबतो, हे त्यांना पटतच नसे. उतार संपला की ते वाकून शैलेशच्या चकतीला बोट लावायचे, चटका बसला की समाधानाने म्हणायचे, "तापलाय." दर वेळी बोट भाजायचं आणि दर वेळी लावायचं. घाटात ड्रायव्हरने ब्रेक किती तापला ते बघितलंच पाहिजे, मग तो ब्रेक दुसऱ्याचा का असेना.

हेल्मेट मात्र त्यांचं जीव की प्राण. चहा पिताना, केळी घेताना, बँकेच्या रांगेतसुद्धा डोक्यावर. पिंपरी पेंढारला त्यांच्या लेकीच्या सासरी लग्न होतं, तिथं आम्ही सायकलीवरून गेलो. पाहुण्यांना फेटे बांधणं चाललं होतं. फेटेवाला म्हणाला, "पावणं, टोपडं काढा." गुलाबराव म्हणाले, "ह्याच्यावरच गुंडाळ, परत जायचंय." त्या दिवशी मांडवात सगळ्यांत उंच फेटा गुलाबरावांचा होता. नवरदेवाच्या मामाने दोनदा वळून बघितलं.

उसाच्या कडेने जाताना ते अखंड बेल वाजवत. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, हे काही नवल नाही. नवल हे, की बाकीचे बिबट्याला घालवायला बेल वाजवत आणि गुलाबराव त्याला वेळेवर कळावं म्हणून. "त्यालाबी रस्ता वलांडायचा असतो. अचानक म्होरं आलो तर दचकंल बिचारं."

पण हा सगळा गमतीचा भाग. उतार लागला की गुलाबराव बदलत. तोंडाची टकळी बंद व्हायची. बूड मागे, दोन्ही पाय सारख्या पातळीवर, एकेक बोट ब्रेकवर. आम्हाला म्हणत, "दगडाकडं बघू नका. जिथून जायचंय ती वाट बघा. दगड चुकवायचा म्हनून दगडाकडंच बघत ऱ्हायलात का गेलात त्याच्यावर." मला भीती वाटायची, ते त्यांना कळायचं. मग मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात पुढून सांगत जायचे. "डावीकडं खड्डा. आता मऊ माती. आता सोडा, सर, सोडा, सरळच हाय." आयुष्यभर पोरांना फळ्यापाशी घाबरवणारा मी, त्या आवाजाच्या आधाराने सत्तरीच्या तोंडावर डोंगर उतरायला शिकलो.

आणि त्यांचा नियम. डोंगरात वाट फुटली की पुढच्याने थांबायचं. सगळे गोळा झाले की सर्वांत मागच्याने डबल द्यायची, मगच निघायचं. स्वतः ते नेहमी पुढे, आणि मागे वळून कधीही बघत नसत. "डायवरनं म्होरं बघायचं. मागं बघायला सरकारनं कंडक्टर ठेवलाय." कंडक्टर म्हणून त्यांनी मला नेमलं होतं. मी तसाही सर्वांत हळू, पण त्यांनी कारण वेगळं दिलं. "गनिताचं सर हायेत. मोजायला चुकनार न्हाईत." माझ्या हँडलला त्यांनी स्वतःच्या हाताने एक खणखणीत बेल बसवली. कंडक्टरने कुणाच्याही पुढे जायचं नाही, एवढीच अट. नोकरीत आजवर एकही पॅसेंजर मागे ठेवला नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. एरवी कशाचा म्हणून गर्व नसलेल्या माणसाचा तेवढा एकच गर्व होता.

आता ती गोष्ट.

पावसाळा संपत आला होता, भात पिवळं पडायला लागलं होतं. टोळीतले बाकीचे कुठे कुठे कामाला गेलेले, म्हणून आम्ही तिघंच, गुलाबराव, शैलेश आणि मी. जीपच्या टपावर सायकली टाकून डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याच्या अलीकडच्या एका पठारावर गेलो. तिथून एक जुनी पायवाट खाली वाडीपर्यंत उतरते. वर पोचलो तर धुकं. दहा पावलांवरचं दिसेना आणि वारा कानात नुसता घोंगावत होता. गुलाबराव म्हणाले, "सावकाश. वाट फुटती तिथं म्या थांबतो. डबल मिळंपर्यंत हलनार न्हाई."

ते गेले. त्यांच्या मागे शैलेश, त्याच्या मागे मी. मध्येच शैलेश कडेला थांबलेला दिसला. हेल्मेटवरचा कॅमेरा सैल झाला होता. म्हणाला, "सर, व्हा तुम्ही पुढं. मी तुम्हाला आत्ता गाठतो."

मी कंडक्टर होतो. मी थांबायला हवं होतं. पण मला थंडी वाजत होती, मांड्या थरथरत होत्या आणि शैलेश आमच्या सगळ्यांत तरबेज. मी पुढे झालो. वाट फुटत होती तिथं धुक्यात गुलाबरावांची पाठ दिसली. एक पाय टेकवून उभे, तोंड पुढे. त्यांनी मागे बघितलं नाही. मी जाऊन थांबलो. थोडं थांबलो. मग वाटलं, शैलेश येतोच आहे, आणि मी त्याला मागे टाकून आलो हे गुलाबरावांना सांगायचं तर ते मला चार शब्द सुनावणार. तेवढे चार शब्द ऐकायला नकोत, म्हणून मी बेल वाजवली. दोनदा.

"चला," म्हणून गुलाबराव डावीकडच्या वाटेने निघाले. मी त्यांच्या मागे.

खाली वाडीतल्या शाळेच्या ओट्यावर आम्ही बसलो. धुकं विरलं. शैलेश येईना. गुलाबरावांनी मला विचारलं, "शेठ तुमच्या म्होरं व्हतं ना?" मी म्हणालो, "येईल." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सायकल तिथंच टाकून उलटे वर चढायला लागले. मोठमोठ्याने हाका मारत. त्या वयात ते तसे चढत होते आणि मी ओट्यावरच बसून होतो.

शैलेश उजवीकडच्या वाटेने गेला होता. फाट्यावर कुणी दिसलं नाही, म्हणून अंदाजाने. ती वाट भाताच्या खाचरांच्या वर एका तुटक्या कड्यावर संपते. नाचणीच्या शेतात आलेल्या दोघा भावांना तो खाली पडलेला सापडला. गुलाबराव आणि ते दोघं त्याला घोंगडीच्या झोळीत घालून खाली घेऊन आले. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, खांदा निखळला होता. जीपमध्ये शैलेशचं डोकं गुलाबरावांच्या मांडीवर होतं आणि ते जीपवाल्याला सारखं सांगत होते, "खड्डा बघून घे, राव. पेशंट हाय गाडीत." या वेळी त्यांनी चेष्टेत म्हटलेलं नव्हतं.

मंचरच्या दवाखान्यात शैलेशची बायको आली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने गुलाबरावांना विचारलं, "नाना, तुमचा तर नियम आहे ना? मग तुम्ही थांबला नाहीत?"

गुलाबराव माझ्याकडे वळले. "सर, तुमी डबल दिली ना?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. ते खरंच विचारत होते, जसं कुणी वेळ विचारावी. मी "हो" म्हणायला हवं होतं. पण शैलेशची बायको माझ्याकडे बघत होती, तिलाही मी गणित शिकवलं होतं. मी म्हणालो, "शैलेशनेच मला पुढे जायला सांगितलं. फाट्यावर आलो तेव्हा मी एकच वाजवली होती. थांबा म्हणून."

"एकच?"

"एकच. तुम्ही निघालात तसं मी हाकही मारली. वारा होता. तुम्हाला ऐकू गेली नसेल."

गुलाबरावांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मग त्या मुलीसमोर हात जोडून म्हणाले, "चूक माझीच, पोरी. गाडी म्या हलवली."

शैलेश बरा झाला. त्याने गुलाबरावांवर राग धरला नाही. स्वतः महाळुंगे पडवळला त्यांच्या घरी जाऊन आला, "नाना, रविवारी या" म्हणाला. गुलाबरावांनी सांगितलं, "ज्याला बेल ऐकू येत न्हाई त्यानं गाडी चालवू नये, शेठ. नियम हाय." सायकल भाच्याला देऊन टाकली. पुण्याला जाऊन कान तपासले. वयामानाने थोडं कमी आहे, एवढंच निघालं, पण हे कानाचं यंत्र घेऊनच परत आले. मंगल, त्यांची मुलगी, माहेरी आली की हसत हसत सांगायची, "बाबांना यंत्राशिवायपण सगळं ऐकू येतं. मी मोबाइलवर कुजबुजले तरी विचारत्यात, कोनाचा फोन?" त्यावर गुलाबरावांचं उत्तर ठरलेलं. "घरात वारं नसतं. वाऱ्यात माझं कान खोटं बोलत्यात."

टोळीत मात्र हे प्रकरण हळूहळू चेष्टेचं झालं. कुणी मागे पडलं की कुणीतरी म्हणे, "बघा हं, गुलाबराव करू नका." मी त्या हसण्यात सामील झालो नाही, एवढंच. थांबवलंही नाही. थोड्या दिवसांनी मीही गुडघ्यांचं कारण काढून जायचं बंद केलं.

असं वर्ष उलटून गेलं आणि एका दुपारी मी एसटी धरून महाळुंगे पडवळला गेलो. सांगायचं ठरवूनच. एसटीत बसल्या बसल्या वाक्यं जुळवली.

गुलाबराव घरी एकटेच होते. मला बघून इतके खूश झाले की "जय भीम" म्हणायच्या आधी चहाच ठेवला. यंत्र कानात होतं. घरात शिरताच मला चमत्कारिक वाटलं, त्यांची खाट ओसरीवर असायची ती आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लावून ठेवलेली. जायला-यायला अडचण होत होती. मी विचारलं, "खाट इथं कशाला आणलीत?"

ते चहा गाळत होते. म्हणाले, "हितंच गेली ना ती."

त्यांच्या पत्नी शेवंताबाई आमची ओळख होण्याआधीच वारल्या होत्या. गुलाबराव त्यांच्याबद्दल कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. सायकल नुकतीच घेतली होती, मागच्या पडवीत ते चाक खोलून बसले होते. शेवंताबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. बऱ्याच वेळाने हे पाणी प्यायला आत आले, तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मेथीची जुडी तशीच मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

"मला सगळी इचारायची, हाक न्हाई मारली का त्यांनी? म्या म्हनायचो, न्हाई. मारली असती तर आलोच असतो का न्हाई? चार पावलं तर लांब व्हतो. तिला काय कळलंच नसंल, तशीच झोपल्यागत गेली आसंल. एवढंच एक बरं वाटायचं, सर."

त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि खाटेवर बसले.

"आता वाटतं, तिनं हाक मारली आसंल. ज्या कानाला एकाचे दोन ऐकू आले, तुमची हाक ऐकू आली न्हाई, त्याला तिची तरी कशी ऐकू येनार? चार-पाच येळाबी मारली आसंल. म्या तिकडं चाक फिरवत बसलो व्हतो."

मी चहाचा एक घोट घेतला.

"पन एक सांगतो. तुमी व्हता म्हनून कळलं. दुसरा कुनी आसता तर डायवरच्या तोंडावर बोलला नसता. तुमी खरं सांगितलंत. लई उपकार झाले, सर."

जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती. मी म्हणालो, "गुलाबराव, तसं नाहीये."

त्यांनी यंत्राला हात लावला आणि पुढे वाकून विचारलं, "काय म्हनलात?"

इतक्या विश्वासाने ते चेहरा पुढे करून थांबले होते. मी म्हणालो, "चहा फार छान झालाय."

"गूळ घातलाय," ते म्हणाले आणि हसले. मला स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी सुटेपर्यंत उभे होते. मी खिडकीतून हात केला. पुढच्या वेळी सांगू, असं मी स्वतःला सांगितलं आणि नारायणगाव येईपर्यंत ते मला पटलंही होतं.

पुढची वेळ आली नाही. गेल्या माघात गुलाबराव गेले. मंगलने फोन केला तेव्हा म्हणाली, "झोपेतच गेले, सर. त्याच खाटेवर."

त्यानंतर मी तिला सगळं सांगितलं आहे. शैलेशला आणि त्याच्या बायकोलाही. मंगल ऐकून उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आल्यावर मला पाणी दिलं. माफ केलं असं तिने म्हटलं नाही, आणि तिने तसं म्हणावं अशी अपेक्षा ठेवायचा मला अधिकारही नाही. टोळीतल्या ज्यांनी ज्यांनी "गुलाबराव करू नका" म्हणून चेष्टा केली, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. गुलाबरावांनी पॅसेंजर मागे ठेवला नव्हता. मी ठेवला होता.

पण ज्यांना सांगायचं होतं त्यांना ते सांगितलं नाही. त्या दुपारी ते पुढे वाकून थांबले होते तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं. गुलाबराव, मी दोनदा वाजवली होती. हाक मी मारलीच नव्हती. तुम्हाला ऐकू आलं ते सगळं बरोबर होतं. मला माफ करा. आणि शेवंताबाईंनी हाक मारली असती, तर ती तुम्हाला ऐकू आली असती.